दाराशी अडलेलं मशीन

२९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात शिरायचा प्रयत्न करत होता. 'लॉगिन' हा शब्द एकेक इंग्रजी अक्षर करून पाठवायचा. तिकडे बिल डुव्हाल फोन कानाला लावून बसलेला. एल आला? आला. ओ आला? आला. जी पाठवला आणि तिकडचं यंत्र कोसळलं! तासाभरात दुरुस्ती झाली आणि जोडणी जमली. आर्पानेटचा हा पहिला संदेश 'लो' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि लोक त्यात शकुनबिकुन शोधतात. मला मात्र त्या गोष्टीत तो फोन महत्त्वाचा वाटतो. जोडणी तुटली तरी पलीकडे काय झालं ते विचारायची सोय होती.

आमच्या आजच्या कामात नेमकी तीच सोय नसते. गूगलने जून २०१४ मध्ये कुबरनेटीस नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. नाव ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोकणातला तांडेल म्हणा. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान यांचं एक गाठोडं. कुठलं गाठोडं कुठल्या मशीनवर चालवायचं ते हा तांडेल ठरवतो. या मशीनना नोड म्हणतात. आता गंमत अशी, की नवा नोड दाखल होऊ शकला नाही, तर तो तांडेलाच्या यादीत 'आजारी' म्हणून दिसत नाही. दिसतच नाही! भाडं मात्र चालू. कारण शोधायचं तर त्या मशीनमध्ये शिरून तिथल्या 'क्युबलेट' नावाच्या कारकुनाची नोंदवही वाचावी लागते.

पूर्वी हे सोपं होतं. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी इथरनेटने जोडून 'बिओवुल्फ' हा समूह उभा केला. अशा समूहात नवं मशीन घ्यायचं म्हणजे वायर खोचायची. आपल्याच खोलीत आहे म्हणजे घरचंच, ओळख कोण विचारणार? २००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने तासाच्या भाड्याने मशीन द्यायला सुरुवात केली, आणि ती खोलीच गेली.

परक्या मशीनवर विश्वास कसा ठेवायचा, याचं उत्तर नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्येच दिलं होतं: दोघांच्या ओळखीचा तिसरा मध्ये घाला. आपल्याकडे स्थळ बघताना घालतात तसाच. एमआयटीत पुढे त्यावरच 'केर्बेरॉस' उभं राहिलं. ॲमेझॉनची कुबरनेटीस सेवा जून २०१८ मध्ये सर्वांना मिळू लागली, तिथेही मध्यस्थ आहे: ॲमेझॉनची ओळखव्यवस्था. हे मशीन अमुक रोलचं, एवढं ती सांगते. पण तो रोल आपला आहे ही नोंद समूहाच्या यादीत असावी लागते. नोंद राहिली, किंवा रोलच्या जागी त्याच नावाच्या इन्स्टन्स प्रोफाईलचा पत्ता पडला, की क्युबलेटच्या वहीत शब्द उमटतो: 'अनऑथराइज्ड'.

हा नकार वाचून लोक घाबरतात. मला तो बरा वाटतो. दारापर्यंतचा रस्ता ठीक आहे, हे तरी कळलं! नकारही न येता नुसताच 'टाइमआउट' येतो तेव्हा गोष्ट निराळी; तेव्हा खाजगी सबनेटला बाहेरची वाट आहे का, सिक्युरिटी ग्रुप अडवतोय का, हे बघायचं. मशीन पाडून नवं उभारणं हा सगळ्यांचा लाडका उपाय. तो बहुधा वाया जातो, कारण चूक मशीनमध्ये नसून कागदपत्रांत असते, आणि नवं मशीनही तेच कागद घेऊन येतं.

दुसरा लाडका उपाय म्हणजे वैतागून सगळी दारं उघडी टाकणं. हा मात्र महाग पडतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या कंपनीने दाखवून दिलं, की टेस्लाच्या कुबरनेटीसचा नियंत्रण फलक पासवर्डविना उघडा होता आणि कुणीतरी आत शिरून टेस्लाच्या खर्चाने क्रिप्टो चलन खणत होतं.

डिसेंबर २०२३ पासून ही नोंद ॲमेझॉनच्या एपीआयमधून, समूहाच्या बाहेरून करता येते. बरं झालं. जुनी यादी हाताने बदलताना बिघडली, तर नवे नोड सोडाच, चालू असलेलेही एकेक करून बाहेर पडायचे. तशा यादीवरचे जुने समूह अजूनही भेटतात. तिथे नोड अडला की मी आधी यादीत ओळींपुढच्या मोकळ्या जागा मोजतो.