घाटावरचा निरोप घाटाखाली कसा पोहोचतो? समजून घ्या 'नेटवर्क कोडिंग'

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपलं गाव सांगताना हमखास एक शब्द जोडतो: घाटावर किंवा घाटाखाली. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्यातून जाते. बुलढाणा, चिखली, मेहकर वर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली. रस्ता वळणं घेत घाट उतरतो. रेडिओ लहरींना तसं फारसं वळता येत नाही. मध्ये डोंगर आला की सिग्नल अडतो.

पाऊस, मातीतला ओलावा किंवा धरणाची पाणीपातळी मोजणाऱ्या सेन्सरपुढे हीच अडचण असते. आणि ही नोंद किरकोळ नसते. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. मोजलेला आकडा वेळेवर आणि पूर्ण पोहोचणं ही शेतकऱ्यासाठी पैशांची गोष्ट आहे.

मल्टी-हॉप म्हणजे काय?

जिथे एका दमात सिग्नल पोहोचत नाही, तिथे मध्ये छोटी उपकरणं बसवतात. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसं प्रत्येक उपकरण माहितीचं पॅकेट पुढच्याला देतं. याला 'मल्टी-हॉप' जोडणी म्हणतात. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो.

मग अडचण कुठे आहे?

बादली पुढे देताना थोडं पाणी सांडतंच. समजा, प्रत्येक टप्प्यावर शंभरातली १० पॅकेटं हरवतात. मग पाच टप्प्यांनंतर शंभरापैकी साधारण ५९ च पोहोचतात.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पोच. मिळालेल्या पॅकेटची पोच परत पाठवायची, ती आली नाही तर पॅकेट पुन्हा धाडायचं. पण पोचसुद्धा हरवते. शिवाय प्रत्येक फेरीत बॅटरी आणि वेळ खर्च होतो.

नेटवर्क कोडिंग काय वेगळं करतं?

दोन बादल्यांतलं पाणी एकत्र केलं तर ते पुन्हा वेगळं करता येत नाही. आकड्यांचं तसं नाही. नेटवर्क कोडिंगचा सगळा पाया हाच आहे.

समजा, बुलढाण्याहून मोताळ्याला १०११ हा निरोप जायचा आहे आणि मोताळ्याहून बुलढाण्याला ०११०. मध्ये राजूर घाटात एक उपकरण आहे. नेहमीच्या पद्धतीत चार प्रक्षेपणं लागतात: दोन येणारी, दोन जाणारी. त्याऐवजी घाटातलं उपकरण दोन्ही निरोप एकमेकांत मिसळतं. नियम सोपा आहे: दोन्ही अंक सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. उत्तर येतं ११०१. हे एकच पॅकेट दोन्हीकडे ऐकू जातं. बुलढाण्याकडे स्वतःचा १०११ आहेच. तोच नियम पुन्हा लावला की ०११० मिळतो. मोताळ्यालाही तसंच. चारचं काम तीनात झालं.

पॅकेट हरवलं तर?

दहावीच्या बीजगणितातली एकसामयिक समीकरणं आठवा. दोन चलं असतील तर दोन स्वतंत्र समीकरणं पुरतात, ती कोणती हे महत्त्वाचं नसतं. इथेही तेच. समजा, दहा पॅकेटं पाठवायची आहेत. उपकरण त्यांची वेगवेगळ्या प्रमाणात मिश्रणं करून पाठवत राहतं. मधलं प्रत्येक उपकरणही आलेली मिश्रणं पुन्हा मिसळतं. शेवटच्या ठिकाणी कोणतीही दहा स्वतंत्र मिश्रणं पोहोचली की मूळ माहिती उलगडते. प्रत्येक पॅकेटची पोच लागत नाही, पुरेशी मिश्रणं मिळाल्याची एक पोच पुरते. आदर्श स्थितीत पाच टप्प्यांनंतरही उपयोगी पॅकेटांचं प्रमाण ५९ वर न घसरता ९० च्या जवळ राहतं.

ही कल्पना कुणाची?

रुडॉल्फ आल्स्वेडे, निंग काय, शुओ-येन ली आणि रेमंड युंग यांनी २००० साली हा सिद्धांत मांडला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी 'कोप' या पद्धतीची २० उपकरणांच्या वायरलेस जाळ्यावर चाचणी घेतली. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक सचिन कट्टी हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. परिस्थितीनुसार क्षमता काही टक्क्यांपासून काही पटींपर्यंत वाढलेली दिसली.

मग सगळीकडे का वापरत नाहीत?

कारण फुकट काहीच नसतं. मिश्रणाचं प्रमाण पॅकेटसोबत पाठवावं लागतं, त्यामुळे आकार वाढतो. पुरेशी मिश्रणं जमेपर्यंत थांबावं लागतं. स्वस्त सेन्सरला गणिताचा भार पडतो. सर्वांत मोठा धोका म्हणजे एकच चुकीचं पॅकेट मिसळलं गेलं तर संपूर्ण गठ्ठा बिघडू शकतो. म्हणून पॅकेट खरं आहे की नाही, हे तपासण्याची सोय सोबत लागते.

एकच टप्पा असेल आणि सिग्नल चांगला असेल, तर साधी पोच पुरेशी आहे. टप्पे वाढले, हवा बिघडली आणि बॅटरी जपायची असली, की या मिसळण्याची किंमत वसूल होते. आणि सेन्सरच्या नोंदीची गरज सर्वांत जास्त असते, तीही नेमकी भर पावसातच.