पिशवी ते कॅरीबॅग : एका सवयीचा इतिहास

सामान वाहून नेण्याच्या साधनांसाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. वाटसरूच्या खांद्यावर पडशी, बैलाच्या पाठीवर कंठाळ, बैराग्याच्या काखेत झोळी, पानतंबाखूसाठी चंची, कनवटीला बटवा, परटाच्या डोक्यावर बोचके आणि बाजाराला निघालेल्या माणसाच्या हातात पिशवी. या सर्व शब्दांमध्ये एक गोष्ट समान आहे. साधन वाहणाऱ्याचे असते आणि ते त्याच्याबरोबर घरातून निघते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या मालिकेत 'कॅरीबॅग' हा शब्द येऊन बसला. त्याचे क्रियापद पाहावे : पिशवी आपण 'घेऊन जातो', कॅरीबॅग दुकानात 'मिळते'. नावात 'वाहणे' असले, तरी घरातून वाहून नेण्याची गरज जिने संपवली, ती ही वस्तू.

प्लॅस्टिककडून पुन्हा कापडाकडे जाण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा पदार्थाची चर्चा म्हणून होते : हे कुजते, ते कुजत नाही. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. या बदलाचा इतिहास मुख्यतः जबाबदारीच्या स्थलांतराचा इतिहास आहे. भांडे कोणी आणायचे, गिऱ्हाइकाने की दुकानदाराने, हा त्यातला खरा प्रश्न.

जुन्या व्यवस्थेत उत्तर स्पष्ट होते. तेलासाठी किटली घरून न्यायची, धान्यासाठी जाड पिशवी, रेशनच्या रांगेतही पिशवी हातात हवीच. वाणी साखर-डाळ कागदाच्या पुड्यात दोऱ्याने बांधून देई. फुलवाला पानात फुले बांधून देई. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून मिळे आणि रिकामी बाटली परत दिल्याखेरीज व्यवहार पुरा होत नसे. पुढे दूध प्लॅस्टिकमध्ये आले आणि भाषेने त्याची नोंद लगेच घेतली. आज 'दोन पिशव्या द्या' असे सकाळी कोणी म्हटले, तर ते कापडाविषयी बोलत नाही, हे सांगावे लागत नाही. 'पिशवी' हा शब्दच दुधाचे माप झाला.

मात्र या जुन्या व्यवस्थेला सुवर्णयुग मानण्याचे कारण नाही. मांजरपाटाची पिशवी, जुन्या लुगड्याच्या काठाचे बंद लावलेली पिशवी, विरलेल्या विजारीच्या पायापासून शिवलेली पिशवी, या वस्तूंमागे टंचाई होती आणि घरातल्या स्त्रीचे न मोजलेले श्रम होते. शिवणे, उसवले की टाके घालणे, मासळीचा वास जाईपर्यंत धुणे, पावसाळ्यात ती कोरडी ठेवणे ही सगळी कामे कोणाच्या तरी वाट्याला येत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडावरच नियंत्रण आले, तेव्हा तर चिंधीलाही मोल आले. पुनर्वापर हे त्या काळी मूल्य असेलही. त्याआधी ती गरज होती.

प्लॅस्टिकची पिशवी या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. स्वीडनमधल्या 'सेलोप्लास्ट' या कंपनीतील अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी एकाच नळीसारख्या फिल्मपासून, बंदांसकट, पिशवी बनवण्याची रीत शोधली. तिचे अमेरिकी एकस्व १९६५ साली मिळाले. त्यांच्या मुलाने पुढे सांगितल्याप्रमाणे थुलिन स्वतः अशी पिशवी घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हापुन्हा वापरत. ती एकदा वापरून टाकून द्यावी ही कल्पना त्यांना विचित्र वाटली असती. शोधकर्त्याच्या खिशात ती पिशवीच होती. तिची कॅरीबॅग बाजाराने केली.

भारतात साठच्या दशकाअखेर ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि नंतर वडोदऱ्याला पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत प्लॅस्टिक आठवड्याच्या बाजारापर्यंत पोचले. ते केवळ स्वस्त होते म्हणून रुजले, असे नाही. कोकणच्या पावसात ते भिजत नव्हते आणि मासळीचे पाणी गळू देत नव्हते. कचेरीतून सुटून लोकल पकडणाऱ्या बाईला सकाळी पिशवी आठवली नव्हती, तरी संध्याकाळी स्टेशनाबाहेर भाजी घेता येत होती. खरेदीला पूर्वतयारी लागेनाशी झाली, आणि ज्यांच्यावर ती तयारी करण्याचा भार होता त्यांना ही सुटका वाटली, तर त्यात नवल नाही. कापडी पिशवीचा पुरस्कार करणाऱ्यांनी हे विसरू नये.

सुटकेची किंमत साचत गेली. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत गटारे तुंबवण्याचा दोष पातळ पिशव्यांवर आला आणि २००२ मध्ये त्या देशाने त्यांच्यावर बंदी घातली. आपल्याकडे केंद्राच्या १९९९ च्या नियमांनी किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, मिठी नदीचे पात्र आक्रसले होते. पण लोकांच्या रोषाला सहज सापडली ती नाल्यात अडकलेली पिशवी. महाराष्ट्राने २००६ च्या नियमांत जाडीची अट ५० मायक्रॉनवर नेली, तर केंद्राच्या नियमांत पुढे २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ अखेर १२० मायक्रॉन असा आकडा चढत गेला. यामागचा तर्क असा, की जाड पिशवी महाग पडेल, मग दुकानदार ती फुकट देणार नाही. म्हणजे कायद्याचाही रोख देणाऱ्या हातावरच राहिला.

आयर्लंडने याच काळात, २००२ मध्ये, उलट बाजूने सुरुवात केली. तिथे जाडी न मोजता गिऱ्हाइकाकडून प्रत्येक पिशवीमागे १५ सेंट घेतले गेले. वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. रक्कम किरकोळ होती. पण 'घरून आणली होती का?' हा जुना प्रश्न तिने गल्ल्यावर पुन्हा उभा केला.

महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना अधिक कडक होती. २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली : पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पाच हजारांचा हा आकडा मोठ्या दुकानदाराला एक अर्थ सांगतो आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन पदपथावर बसलेल्या बाईला दुसराच. भांडे पुरवण्याची जबाबदारी तिच्याकडे गिऱ्हाइकाच्या विसराळूपणामुळे आली होती. दंड मात्र तिच्याच वाट्याला आला.

आता कापडी पिशवीकडे येऊ. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, केवळ तापमानवाढीच्या निकषावर पाहिले, तरी सुती पिशवीने एकदाच वापरलेल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करण्यासाठी ती १३१ वेळा वापरायला हवी. कापूस पाणी पितो, फवारणी मागतो. विदर्भाला हे सांगण्याची गरज नाही. समुद्रात आणि गुरांच्या पोटात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा हिशेब या आकड्यात येत नाही, हे खरे. तरी एवढे नक्की, की न वापरलेली कापडी पिशवी ही पुण्याई नव्हे. आणि आपण, म्हणजे शिकवणारे आणि शिकणारे, या बाबतीत विशेष अपराधी आहोत. चर्चासत्रांत, संमेलनांत, पुस्तक प्रदर्शनांत बोधवाक्य छापलेल्या पिशव्या वाटल्या जातात आणि आपल्या कपाटांत त्यांच्या थप्प्या लागतात. फुकट मिळालेली, जपण्याची गरज न वाटणारी पिशवी कापडाची असली तरी कॅरीबॅगच होय. शिवाय कापडासारखी दिसणारी 'नॉन-वोव्हन' पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच, असते.

आज तर प्रश्नच सरकतो आहे. फोनवर बोट टेकवले की सामान काही मिनिटांत दारात येते, बऱ्याचदा कागदी पिशवीतून. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष. पण त्या व्यवहारात घरून काही घेऊन निघण्याला जागाच उरत नाही, कारण कोणी निघतच नाही. पिशवी पुन्हा आणायची असेल, तर केवळ कापड आणून भागणार नाही. ती धुण्याचे, टाके घालण्याचे आणि आठवणीने दाराशी अडकवण्याचे काम घरातल्या सर्वांमध्ये वाटून घ्यावे लागेल. नाहीतर पर्यावरणाच्या नावाने जुनेच ओझे जुन्याच खांद्यावर परत जाईल.