आधी आपली बाजू सांगावी

मंडळी, गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक काढली. जुन्या टाचणवह्यांच्या गठ्ठ्यात सहामाहीची एक उत्तरपत्रिका निघाली, १९८४ सालची, नववी ब. परत द्यायची राहून गेली असावी.

प्रश्न नेहमीचाच. टीप लिहा: विधवा पुनर्विवाहाचा कायदा. मुलीने १८५६ हे साल बरोबर लिहिलं होतं, ईश्वरचंद्र विद्यासागरांचं नावही होतं. पण शेवटी दोन ओळी जास्तीच्या होत्या. कायदा करताना त्या मुलींना कुणी काही विचारलं होतं का, मी स्वतः मुलगी आहे म्हणून मला हे आधी सुचतं, अशा अर्थाच्या. त्याखाली माझ्या लाल शाईत लिहिलेलं, "इतिहासात वैयक्तिक मत नको." आणि अर्धा गुण कापलेला.

अक्षर माझंच. नाकारायची सोय नाही!

तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. आम्हाला शिकवलंच होतं तसं. इतिहासात 'मी' नसावा, लिहिणाऱ्याने तटस्थ असावं. मी १९७२ साली बी.ए. झाले, मराठी माध्यमातून, इतिहास घेऊन. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांवर नोट्स काढल्या, पाठ केल्या. त्यांत ताराबाई शिंदे हे नाव एकदाही आलं नाही. येणार कुठून? त्यांचं पुस्तक १८८२ सालचं, आणि ते पुन्हा छापलं गेलं १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली. मधली त्र्याण्णव वर्षं ते जवळजवळ कुणाच्या हाती नव्हतं. माझ्या हाती आलं ते तर निवृत्तीनंतर.

पुस्तकाचं नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लिहिणारी बुलढाण्याची. वडील बापूजी हरि शिंदे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. त्यांनीच मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं. पुस्तक निघालं तेव्हा ताराबाई तिशीच्या आसपास असतील.

निमित्त घडलं सुरतेला. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भीतीने तिने स्वतःचं नुकतं जन्मलेलं मूल मारलं होतं. आधी फाशी सुनावली गेली, मग अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. पुनर्विवाहाचा कायदा होऊन पंचवीस वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या. आणि त्या मुलाचा बाप? तो आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हताच. तरी वर्तमानपत्रांत चर्चा कसली, तर हल्लीच्या बायका कशा बिघडल्या याची. पुण्याच्या 'पुणेवैभव'ने अशीच टीका केली आणि बुलढाण्यात बसून ताराबाईंनी लेखणी उचलली.

आता मला सांगायचंय ते त्यांच्या प्रस्तावनेबद्दल. मी ती वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. बाई सुरुवातीलाच आपली ओळख करून देतात. हा माझा पहिलाच प्रयत्न आहे, मी मराठ्यांच्या घरात रीतीभातीच्या आत कोंडलेली बाई आहे, माझी भाषा कडक वाटेल. आणि मग सरळ सांगतात की मला माझ्या स्त्रीजातीचा अभिमान आहे म्हणून मी लिहितेय. कुठल्या एका जातीवर किंवा कुळावर त्यांचा रोख नाही, तुलना आहे ती स्त्रियांची आणि पुरुषांची. म्हणजे मी कोण, कुठे उभी आहे आणि कुणाच्या बाजूची आहे, हे सगळं पहिल्या पानांतच.

माझ्या लाल शाईने या प्रस्तावनेचे किती गुण कापले असते कुणास ठाऊक!

पुस्तक एकांगी आहे का? आहे. पुरुषांचे दोष त्या जीव ओतून मोजतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली, बायकोसाठी असा कुणी नवरा गेलेला ऐकलाय का, असं विचारतात. काही ठिकाणी मलाही वाटलं, बाई, जरा अतीच झालं हे. पण तसं मला वाटू शकलं, कारण त्यांनी आपला कल आधीच सांगितला होता. किती मान्य करायचं आणि किती सोडून द्यायचं, हे माझ्या हातात होतं. टीका करणाऱ्या संपादकांचाही कल होताच की. पण तो धर्म, नीती, लोकमत असली नावं घेऊन यायचा, त्यामुळे त्याला कल कुणी म्हणत नसे.

महात्मा फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यांचं दुसरं पुस्तक काही आपल्याला मिळत नाही. एवढी धारदार लेखणी, आणि एकच पुस्तक. त्या का थांबल्या हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. पण बोलायला लागलेल्या बाईला गप्प करायला फार मोठं काही लागत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते. कधी कधी अर्धा गुणही पुरतो. त्या मुलीने वार्षिक परीक्षेत जास्तीच्या ओळी लिहिल्या होत्या की नाही, मला आठवत नाही. बहुधा नसाव्यात. हुशार होती ती, लवकर शिकली असणार.

असो. पंचाहत्तरीला आलेय, तेव्हा मीही एकदा माझी बाजू सांगून टाकते. मी मास्तरीणबाई. छापील पुस्तकावर माझा जरा जास्तच विश्वास. पुण्या-मुंबईत घडलं तो इतिहास आणि बुलढाण्यात घडलं ती स्थानिक माहिती, असं मानत मी तीस वर्षं शिकवलं. सुधारक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी पगडी यायची, पदर नाही. आणि हे सगळं मी तटस्थपणा या नावाखाली खपवलं. इथून पुढे माझं काही वाचाल तर हे लक्षात ठेवून वाचा.

उत्तरपत्रिका मी परत ट्रंकेत ठेवली नाही. निळं पेन घेतलं आणि तो अर्धा गुण देऊन टाकला. बेरीज दुरुस्त करून खाली सही केली, तारीख आजचीच घातली.