हाताने ओढलेल्या शेवया आणि जुना भंडारा जिल्हा
गव्हाच्या पिठाचा मळलेला गोळा हातांनी ताणून शेवया काढण्याची चिनी रीत, म्हणजे लामियान, गान्सू प्रांतातील लान्झोऊमुळे ख्यातनाम झाली असली, तरी भंडाऱ्याच्या परिसरात तिचे आप्त शोधायचे ते चायनीजच्या गाड्यांवर नव्हे, तर तिबेटी चुलींवर. तिबेटी निर्वासितांसाठी १९७२ मध्ये वसवलेली नोर्गेलिंग वसाहत अर्जुनी मोरगाव तालुक्यात असून, १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा तालुका भंडाऱ्यातच मोडत असे. गान्सूच्या काही भागावरही पसरलेल्या आम्दो या तिबेटी प्रदेशातील थेन्थुक हा असाच एक आप्त; या पदार्थात पिठाच्या पट्ट्या ताणून, तुकडे तोडून थेट उकळत्या रश्श्यात सोडतात. लामियानमध्ये मात्र क्षारयुक्त पाण्याने लवचीक केलेला गोळा पुनःपुन्हा दुमडून ताणला जातो आणि प्रत्येक घडीला तारांची संख्या दुप्पट होते.

गाडीवरच्या चायनीजचा वंश निराळा. कोलकात्यातील हक्का चिनी समाजाची पाककला आणि १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी घडवल्याचे सांगितले जाणारे मंचुरियन यांतून तो उतरला. त्यातील नूडल्स बहुधा यंत्राने कापलेल्या, आधीच उकडून तेल लावून ठेवलेल्या असतात आणि गिऱ्हाईक आले की मोठ्या आचेवर सोया सॉससह परतल्या जातात. त्या घाईत गोळा मुरवायला फुरसत कुठली!