टारबॉलमधली तयार फाइल

१९९१ साली डेव्हिड मॅकेंझी यांनी ऑटोकॉन्फ लिहिले, तेव्हा युनिक्स विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी होती. एकीकडे असलेले फंक्शन दुसरीकडे नसे, हेडर फाइल भलत्याच जागी सापडे. म्हणून प्रोग्रॅमरने मोजक्या ओळींत गरजा लिहायच्या, एम४ या मॅक्रो-प्रोसेसरने त्यांवरून ‘कॉन्फिगर’ ही हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट तयार करायची आणि ती सोर्ससोबत टारबॉलमध्ये घालून पाठवायची, अशी रीत पडली. घेणाऱ्याकडे शेल, मेक आणि कंपायलर असला की भागे. त्याच्या अडचणीचा हा मनापासून केलेला विचार होता आणि त्या काळात तो योग्यच होता. पण त्यामुळे टारबॉल आणि लेखकाजवळचा सोर्स यांची फारकत झाली. पुढे गिटमुळे प्रत्येक बदल चारचौघांसमोर होऊ लागला, ऑटोकॉन्फ मिळवणे एका आज्ञेचे काम झाले, तरी फारकत टिकून राहिली. गरज सरल्यावर उरलेली ही प्रथा धोक्याची आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्याचा पुरावा एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात मिळतो. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर असल्याचे पोस्टग्रेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी उघड केले. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा ते शोध घेत होते. घातक कोड चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता आणि त्या फाइली रिपॉझिटरीतच होत्या. तो कोड बिल्डमध्ये ओढून घेणारी बदललेली एम४ फाइल मात्र फक्त टारबॉलमध्ये होती. अशा फाइली टारबॉलमध्ये असतातच आणि त्या कोणी वाचत नाही.

यावर सांगितले जाते की डेबियन टारबॉलमधली कॉन्फिगर न वापरता ती नव्याने तयार करते. ही सवय चांगली आहे, पण ती मुख्यतः नव्या प्रोसेसरांची ओळख नसलेल्या जुन्या फाइलींमुळे लागली. शिवाय इथे ती अपुरीच पडली, कारण नवी स्क्रिप्ट त्याच दूषित एम४ फाइलीवरून बनत होती. दुसरा आक्षेप असा की हल्लेखोराला ती फाइल रिपॉझिटरीतही घालता आली असती. आली असती, पण त्याने ती तिथे घातली नाही, आणि नजर कुठे कमी पडते हे त्यावरून कळते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ऑटोकॉन्फला एम४ आणि पर्ल लागतात, आणि खुद्द एम४ बांधायला कॉन्फिगर लागते. कुठेतरी तयार फाइलीपासून सुरुवात करावीच लागते. हे मान्य करूनही तयार फाइल कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीने बनली हे नोंदवता येते, आणि तिसऱ्या माणसाने तीच फाइल पुन्हा बनवून ताडून पाहावी, अशी व्यवस्था ठेवता येते. पोस्टग्रेसने १७व्या आवृत्तीपासून बायसन आणि फ्लेक्सने तयार केलेल्या फाइली टारबॉलमधून वगळल्या. त्यांची कॉन्फिगर रिपॉझिटरीतच नोंदलेली असते, त्यामुळे तिची कोणती ओळ कधी बदलली हे कोणालाही पाहता येते.