कुंपणानं शेत खाल्लं त्याची गोष्ट

बीड जिल्ह्यात 'सर्व्हर' हा शब्द आता मराठी झालेला आहे. तो दिसतो कसा, असतो कुठं, हे कुणी पाहिलेलं नाही. पण तो 'डाऊन' असतो हे मात्र गेवराईपासून परळीपर्यंत सगळ्यांना पक्कं माहीत. सातबारा काढायला जा, विमा भरायला जा, रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवा.. उत्तर एकच. पाऊस, लाईट आणि सर्व्हर, या तीन गोष्टींपुढे माणसाचं काही चालत नाही असं एकंदर लोकमत.

आता यातल्या तिसऱ्या गोष्टीवर आमच्यासारख्यांचं पोट चालतं, म्हणून या शनिवारी तिचा थोडा इतिहास. सगळा नाही, दोनच तारखांचा: १२ ऑगस्ट २००८ आणि १९ जुलै २०२४. दोन्ही दिवशी सर्व्हर बंद पडले ते ना व्हायरसमुळे ना लाईट गेल्यामुळे. दुरुस्ती म्हणून पाठवलेल्या अपडेटनेच त्यांना झोपवलं.

आधी 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणजे काय ते सांगतो. माहितगारांनी हा परिच्छेद उडी मारून पुढे जावं. आपल्याकडे भाऊवाटणीत जमिनीचे तुकडे पडतात, पण विहीर काही तोडता येत नाही. मग सातबाऱ्यावर विहीर सामाईक लागते आणि चौघांच्या पाळ्या ठरतात. आज थोरल्याची मोटार, उद्या धाकट्याची. संगणकातही हेच. एक मोठं दणकट मशीन घ्यायचं, त्याच्यावर एक प्रोग्राम बसवायचा आणि त्यानं त्या मशीनचे दहा-वीस हिस्सेदार सांभाळायचे. या प्रोग्रामला हायपरव्हायझर म्हणतात. कालव्यावरचा पाटकरीच म्हणा ना! फरक इतकाच की इथल्या पाळ्या सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलतात, त्यामुळे प्रत्येक हिस्सेदाराला वाटतं की अख्खी विहीर आपलीच. हा प्रत्येक हिस्सेदार म्हणजे एक व्हर्च्युअल सर्व्हर. कल्पना जुनी आहे, आयबीएमनं १९७२ मध्येच आपल्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० बाजारात आणलं होतं. साध्या इंटेलच्या मशीनवर हा कारभार आणला तो १९९८ साली सुरू झालेल्या व्हीएमवेअरनं. २००८ पर्यंत बँका, विमा कंपन्या, दवाखाने सगळे या पाटकऱ्याच्या भरवशावर आले होते.

तर २५ जुलै २००८. व्हीएमवेअरनं आपल्या ईएसएक्स ३.५ या हायपरव्हायझरचं 'अपडेट २' बाजारात आणलं. शिस्तीच्या लोकांनी ते लगेच लावलं. अठरा दिवस सगळं झकास. १२ ऑगस्टला, मंगळवारी, जिथं दिवस आधी उगवतो तिथून बोंब सुरू झाली, म्हणजे ऑस्ट्रेलियातून. बंद असलेला व्हर्च्युअल सर्व्हर चालू करायला जावं तर चालू होईना. पडद्यावर नुसतं 'इंटर्नल एरर'. आत लॉगमध्ये खरं कारण लिहिलेलं: या उत्पादनाची मुदत संपली आहे, मशीनची तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा. रोख पैसे मोजून घेतलेल्या मालाची मुदत संपली!

चालू असलेल्यांना धक्का लागला नाही, ही त्यातली गंमत. ज्याची मोटार चालू होती त्याचं पाणी चालूच राहिलं. पण एकदा स्टार्टर पडला की संपलं, पुन्हा उचलणार नाही. ज्यांनी शेतात लोडशेडिंग भोगलंय त्यांना या परिस्थितीतली घालमेल वेगळी सांगायला नको. त्यात एक सोय होती व्हीमोशन नावाची. चालता-चालता व्हर्च्युअल सर्व्हर एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवायचा. तीही बंद पडली.

लोकांनी काय केलं? घड्याळ मागं नेलं. अक्षरशः! बाहेरून वेळ घेणारी एनटीपी सेवा थांबवायची, मशीनची तारीख १० ऑगस्ट करायची, सर्व्हर चालू करायचे. पण पाटकऱ्याचं घड्याळ मागं गेलं की हिस्सेदारही त्याच्याकडे बघून आपलं घड्याळ मागं करतात. आणि सर्व्हरच्या जगात वेळ म्हणजे काही भिंतीवरची शोभा नाही. विंडोजच्या लॉगिनमागे जे कर्बेरॉस नावाचं यंत्र आहे ते एरवी पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. डेटाबेसमध्ये दोन दिवसांपूर्वीची तारीख पडली तर हिशेबाचं काय? म्हणून आधी ते वेळ जुळवणं बंद करा, मग तारीख बदला, असा द्राविडी प्राणायाम.

व्हीएमवेअरनं साधारण दिवसभरात पॅच दिला. तो लावायचा तर मशीन आधी रिकामं करायला हवं. रिकामं करायचं म्हणजे व्हीमोशननं सर्व्हर दुसरीकडे हलवायचे. आणि व्हीमोशन तर बंद! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही अन् लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. शेवटी बऱ्याच ठिकाणी सर्व्हर रीतसर बंद करून, रात्री-अपरात्री, एकेक मशीन हातानं करावं लागलं.

कंपनीचे मुख्याधिकारी होते पॉल मॅरिट्झ. डायन ग्रीन यांना जुलैत दूर करून त्यांना खुर्चीवर बसवलेलं, जेमतेम महिना झालेला. त्यांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली आणि कारणही सांगितलं. चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीत ठराविक दिवशी बंद पडण्याची एक कळ ठेवली होती, म्हणजे लोक कायम कच्च्या मालावर राहू नयेत. पक्का माल बाहेर पडताना ती कळ काढायची राहून गेली. मला हे पत्र आजही आवडतं. कारण न सांगता नुसती दिलगिरी व्यक्त करणाऱ्या पत्रांचा आपल्या धंद्यात सुकाळ आहे.

या प्रकारातून आमच्या जमातीनं एक धडा घेतला: घाई करायची नाही. नवी आवृत्ती आली की दुसऱ्यांच्या अंगावर तिचे प्रयोग होऊ द्यायचे, आपण एक पाऊल मागं राहायचं. धडा चुकीचा नव्हता. १२ ऑगस्टला वाचले ते आळशी लोकच, शिस्तीचे सगळे सापडले. मधे २१ एप्रिल २०१० ला मॅकअ‍ॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटनं विंडोज एक्सपीच्या स्वतःच्याच एसव्हीसीहोस्ट या फाइलला व्हायरस समजून कोंडून टाकलं आणि जगभर मशीनं आपोआप रीस्टार्ट होत बसली. तेव्हा मॅकअ‍ॅफीचे तंत्रज्ञान प्रमुख होते जॉर्ज कुर्ट्झ. हे नाव लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर नवी कंपनी काढली. तिचं नाव क्राउडस्ट्राइक.

आता १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइकनं आपल्या सुरक्षा प्रोग्रामला 'चॅनल फाइल २९१' नावाची एक छोटी फाइल पाठवली. फाइलमधल्या नियमाला माहितीचे २१ रकाने अपेक्षित होते, वाचणाऱ्या प्रोग्रामला मिळत होते २०. एकविसावा शोधायला तो आपली हद्द ओलांडून मेमरीत भलतीकडेच शिरला. साधा प्रोग्राम असता तर एकटा मेला असता. पण हा राखणदार बसतो विंडोजच्या कर्नलमध्ये, घराच्या आड्यावरच. तो पडला की घर पडतं. निळा पडदा, रीस्टार्ट, पुन्हा निळा पडदा. कुंपणानंच शेत खाल्लं!

१०:५७ ला कंपनीनं ती फाइल मागं घेतली. ७८ मिनिटं फक्त. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं तेवढ्यात ८५ लाख विंडोज मशीनं आडवी झाली. जगातल्या विंडोज मशीनांच्या एक टक्क्याहूनही कमी, पण नेमकी विमानतळं, बँका, दवाखान्यांतली. ज्यानं लॅपटॉप ११ वाजता उघडला तो वाचला. सर्व्हर मात्र कधी झोपतच नाहीत, ते सापडले.

आपल्याकडे मुंबई-पुण्यासह अनेक विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. इंडिगोनं जवळपास दोनशे उड्डाणं रद्द केली, आकासा आणि स्पाइसजेटलाही झळ बसली. (आदल्या रात्री अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा एक भाग वेगळ्याच कारणानं बसला होता. बातम्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ झाली.) रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, सरकारच्या एनआयसीच्या नेटवर्कला काही झालं नाही. आमच्या जिल्ह्यात विमानतळच नाही, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. पिकविम्याची मुदत तेव्हा ३१ जुलैपर्यंत वाढवलेली होती आणि केंद्रांवर गर्दी होती. माझा एक चुलतभाऊ असंच एक केंद्र चालवतो, त्याला फोन केला. म्हणाला, "दादा, तुमचं आज बंद पडलं म्हणून टीव्हीवर दाखवायलेत. आमचं चालू झालं तर दाखवा की!"

दुरुस्ती ऐकायला सोपी होती. मशीन सेफ मोडमध्ये उघडा, ती २९१ ची फाइल पुसा, रीस्टार्ट. पण व्हर्च्युअल सर्व्हरला ना कीबोर्ड ना पडदा, तो कुठल्यातरी क्लाउडमध्ये. मग त्याची डिस्क, म्हणजे त्याचं काळीजच, काढून दुसऱ्या धडधाकट सर्व्हरला जोडायची, तिथून फाइल पुसायची, डिस्क परत मूळ जागी लावायची. शंभर सर्व्हर असतील तर शंभर वेळा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असलं तर आधी किल्ली शोधा, आणि किल्ल्या ठेवलेला सर्व्हरच पडलेला असला तर बसा. अझूरनं आणखी एक उपाय सांगितला: रीस्टार्ट करत राहा, काहींना पंधरा वेळा करावं लागलंय. हसू नका, त्यात तर्क होता. एखाद्या वेळी मरण्याआधी नेटवर्क जोडलं जाऊन सुधारलेली फाइल उतरायची.

आणि २००८ चा धडा? बऱ्याच कंपन्यांनी इथंही एक आवृत्ती मागं राहायची सेटिंग लावलेली होती. तिचा काही उपयोग झाला नाही, कारण ती सेटिंग प्रोग्रामला लागू होती, अशा नियमांच्या फाइलींना नाही. त्या सगळ्यांना एकदम जायच्या. पुढच्या दाराला कडी, मागचं दार सताड उघडं.

मला इथं पैठणच्या नाथमहाराजांची आठवण येते. हातानं नकला होता-होता ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते, ते शोधून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. एका लेखनिकाची चूक त्याच्या आणि त्यावरून उतरवलेल्या पोथ्यांपुरती राहायची. म्हणून तर दुसऱ्या पोथ्यांशी ताडून मूळ पाठ शोधता यायचा. आपण नकलेतली चूक संपवली खरी, पण सगळ्या पोथ्या एकाच क्षणी एकाच जागी चुकण्याची सोय करून ठेवली. क्राउडस्ट्राइकनं नंतर अशा फाइली टप्प्याटप्प्यानं पाठवायला सुरुवात केली, ग्राहकांना निवडही दिली. मायक्रोसॉफ्टनंही सुरक्षा प्रोग्राम कर्नलच्या बाहेर काढायचं काम हाती घेतलं.

राहिला प्रश्न भरपाईचा. अमेरिकेतल्या डेल्टा या विमान कंपनीनं पाच दिवसांत सुमारे ७००० उड्डाणं रद्द केली, नुकसान ५० कोटी डॉलर सांगितलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जॉर्जियात दावा लावला. क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं म्हणणं, करारानुसार आमची जबाबदारी फार तर एक अंकी दशलक्ष डॉलरची. सॉफ्टवेअरच्या करारात खाली बारीक अक्षरात ही मर्यादा असतेच, आणि उरलेलं नुकसान कुणाचं यावर करार गप्प असतो. पिकविम्यात यावर बीडनं २०२० च्या खरिपात तोडगा वापरला, पुढे 'बीड पॅटर्न' म्हणून तो राज्यभर गेला. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत कंपनीनं द्यायची, त्यावरची राज्य सरकारनं. भरपाई कमी निघाली तर कंपनीनं २० टक्के ठेवून बाकी पैसे सरकारला परत करायचे. पॅटर्नवर टीका बरीच झाली, पण नुकसान कुठल्या रेषेपर्यंत कुणाचं आणि त्यापुढे कुणाचं, हे पेरणीआधी कागदावर आकड्यांत लिहिलेलं होतं. डेल्टाच्या दाव्यात मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी घोर निष्काळजीपणाचा मुद्दा पुढे चालवायला परवानगी दिली.