आधी खेळणं उडालं

माझ्या विजेवरच्या रेडिओ-कंट्रोल हेलिकॉप्टरचं पातं हातभरही लांब नाही, तरी ते उडवण्याआधी दर रविवारी माझ्या पोटात गोळा येतो. दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावलेली असते. यंत्र जमिनीपासून थोडं उचलायचं आणि लांबून, डोळ्यांच्या पातळीवर ते रंग बघायचे. एक रंग वर, एक खाली दिसला, की उतरवून एका पात्याची लिंक अर्धा आटा फिरवायची. मग पुन्हा वर. गेल्या महिन्यात घाई केली आणि यंत्र आडवं झालं. पाती, शाफ्ट, शेपटीचा दांडा, सगळं मोडलं.

"या वयात खेळण्यापायी एवढा खर्च?" असं घरातून विचारलं गेलं. उत्तर मला आर्थर यंगच्या गोष्टीत मिळालं.

यंग प्रिन्स्टनला गणित शिकलेला, तत्त्वज्ञानाची ओढ असलेला अमेरिकन. १९२८ पासून बारा-तेरा वर्षं तो हेलिकॉप्टरची लहान मॉडेल्सच बनवत राहिला. खरं यंत्र आपटलं तर माणूस जातो. मॉडेल आपटलं तर कारण शोधायचं, भाग बदलायचा आणि पुन्हा उडवायचं. पेनसिल्वेनियातल्या पाओलीत जुन्या कोठारात त्याचं हे काम चाले.

अडचण तोलाची होती. रोटर वजन उचलतो, पण तोल सांभाळत नाही. यंत्र जरा कललं की रोटरही कलतो, यंत्राला त्या बाजूला ओढतो, झोके वाढत जातात आणि शेवटी ते उलटतं. यंगनं पात्यांना काटकोनात, टोकांना वजन असलेली एक दांडी बसवली. फिरत्या भोवऱ्यासारखी ती आपली पातळी सोडत नाही. यंत्र कललं, तर तीच पात्यांचा कोन बदलून रोटरला सावरते.

१९४१ मध्ये यंगनं विजेच्या मोटरवरचं दूरनियंत्रित मॉडेल बफेलोला बेल कंपनीच्या लोकांना उडवून दाखवलं. डिसेंबर १९४२ मध्ये त्याच तत्त्वावरचं 'बेल ३०' जमिनीवरून उचललं गेलं. ८ मार्च १९४६ रोजी 'बेल ४७'ला अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळाला. असा परवाना मिळालेलं ते पहिलं हेलिकॉप्टर.

पुढे १९७०च्या सुमारास जर्मनीत डीटर श्ल्युटरनं रेडिओवरचं हेलिकॉप्टर उडवून दाखवलं. ते इंधनावर चालायचं, पण रोटरवर तोलाची दांडी होतीच. लिथियम बॅटऱ्या आल्यावर हा छंद पुन्हा मोठ्या प्रमाणात विजेकडे वळला. आता दांडीचं काम बहुधा इलेक्ट्रॉनिक जायरो करतात. माझ्या जुन्या यंत्रावर मात्र ती अजून फिरते.

हे वाचल्यावर मी मोडलेलं यंत्र घेऊन बसलो, कारण शोधायला. हवेत स्थिर असताना ते किंचित कलतं, म्हणून मी ट्रिम फिरवून त्याला सरळ करत होतो आणि ते दर वेळी बाजूला सरकत होतं. मुळात तो दोष नव्हताच. शेपटीचा पंखा यंत्राला बाजूला ढकलतो. तो रेटा पेलायचा तर थोडं कलावंच लागतं. शेवटच्या झेपेत सरकत्या यंत्राला मी घाईनं उलट आवरायला गेलो होतो.

नवी पाती बसवली. काल ट्रिमला हात लावला नाही. यंत्र जरासं कलून, एकाच जागी, मिनिटभर उभं राहिलं. घरी विचारलं, "आज काय मोडलं?" म्हटलं, "काही नाही."